सोपाऱ्याचा शिलालेख आणि आमची व्याख्याने

विरार गाडीचे नाव काढले की मुंबईतल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पण याच गाडीने गेली कित्येक वर्षे आपल्या माणसांना घर मिळवून दिले आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद होत गेले. त्या काळात लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोल्या सोडून किती तरी कुटुंबे वसई, नालासोपारा, विरारकडे सरकली. कुणी बेस्टमध्ये, कुणी रेल्वेत, कुणी पालिकेच्या झाडू खात्यात, तर कुणी चार घरची धुणीभांडी करून या शहरात संसार उभा केला. त्या संसारासोबत पंचशीलाचा ध्वज आला, बाबासाहेबांची तसबीर आली, विहार आले आणि विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घालून होणारी व्याख्यानेही आली.

गाव तसे जुने आहे. मुंबई आणि विरार यांच्यामध्ये गाडी सुरू झाली ती १८६७ साली. नाळे आणि सोपारे ही दोन वेगळी गावे, त्यांची नावे जोडून स्टेशनला नालासोपारा हे नाव मिळाले. २००९ साली वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या मोठ्या शहरात माणूस सकाळी अंधारात घर सोडतो आणि रात्री अंधारात घरी येतो. अशा माणसाने व्याख्यान ऐकायचे कधी, गाणे ऐकायचे कधी आणि मुलांना घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. त्याचे उत्तर शोधायला आम्ही सोपाऱ्यालाच जावे असे सुचवतो, कारण या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर तिथल्या मातीत सापडले आहे.

बुरुड राजाचा कोट

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा केली की थोड्या वेळात आपण सोपारे गावाकडच्या स्तूपापाशी पोहोचतो. सांचीसारखे घुमटाचे भव्य दर्शन होईल अशा आशेने कुणी गेले, तर आधीच सांगतो, तसे काही नाही. झाडी, कुंपण, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आणि विटांचा उरलेला उंचवटा. आमच्याबरोबरच्या एका मुलाने तर विचारले, "एवढेच?" आम्ही त्याला म्हटले, बाळा, एवढेच नाही. जे होते ते आतून निघाले आणि ते आज दुसरीकडे आहे.

गावचे लोक या उंचवट्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांचा कुणी राजा होऊन गेला, त्याचा हा किल्ला, अशी समजूत. शूर्पारक या नावातल्या 'शूर्प' शब्दाचा अर्थ सूप असाच होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही समजूत अगदीच वाऱ्यावरची वाटत नाही. लोक राजा विसरले, धर्म विसरले, पण नावाचा धागा त्यांनी आपल्या परीने धरून ठेवला होता.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला. पंडितजी जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा लेख लहानपणापासून डोळ्यांसमोर, त्यातूनच त्यांना ब्राह्मी लिपीचा नाद लागला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून लेख उतरवून आणले. सोपाऱ्याच्या कोटात मध्यभागी त्यांना विटांची एक कोठडी लागली आणि तिच्यात दगडाचा मोठा गोल करंडक. करंडक उघडला तर आत तांब्याचा डबा आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती गोलाकार बसवलेल्या. सात पूर्वीचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. डब्यात डबा असे करत शेवटी सोन्याची डबी निघाली. तिच्यात सोन्याची फुले नव्हेत, रत्ने नव्हेत, तर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. सोन्याच्या फुलांनी वेढलेली जागा होती ती या मातीसाठी. पंडितजींनी ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही मिळाले.

भिक्षापात्र म्हणजे काय, तर दारोदार जाऊन मागितलेले अन्न ज्यात पडते ते भांडे. हिऱ्यामाणकांपेक्षा त्याची किंमत अधिक मानून त्याला सोन्यात ठेवणारी माणसे या किनाऱ्यावर राहत होती, हे आपल्या मुलांनी ऐकले पाहिजे. ही सगळी चीजवस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. फोर्टातल्या टाऊन हॉलच्या उंच पायऱ्या आपण सिनेमात पाहिल्या आहेत, त्या पायऱ्या याच सोसायटीच्या.

दगड काय सांगतो

स्तूपाहून महत्त्वाची, निदान आमच्या विषयापुरती, गोष्ट वेगळीच आहे. त्याच १८८२ साली पंडितजींना सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला लाखो माणसांना दीक्षा दिली त्याच वर्षी, वसईजवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचाही तुकडा सापडला. हा योगायोगच, पण आम्हाला तो मनाशी जपावासा वाटतो.

सोपाऱ्याच्या तुकड्यावर मोजकेच शब्द शिल्लक आहेत. पण हाच लेख गिरनारला, कालसीला आणि आणखी ठिकाणी पूर्ण मिळाला आहे, म्हणून त्यात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. लेख सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. विहारयात्रा म्हणजे शिकार आणि मौजमजा. पण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचे तेही त्याने कोरून ठेवले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, दान द्यायचे. म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, त्यांच्या निर्वाहाची सोय करायची. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे, त्यांना धम्म सांगायचा आणि त्यांच्याशी धम्माबद्दल प्रश्नोत्तरे करायची.

शेवटचा शब्द नीट वाचा. नुसते सांगायचे नाही, विचारपूसही करायची. मूळ लेखात त्यासाठी 'धम्मपरिपुच्छा' असा शब्द आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ज्याच्या शब्दाला तलवारीचे बळ होते असा सम्राट म्हणतो की, लोकांपुढे बोलणे आणि लोकांनी विचारणे यात आपल्याला शिकारीहून जास्त आनंद मिळतो. एका शहराच्या सार्वजनिक व्याख्यानाचे याहून चांगले वर्णन आम्हाला ठाऊक नाही.

भुईगावच्या नवव्या लेखाचा विषय मंगलकार्ये हा आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगले करतात आणि त्यांत बायका तर पुष्कळ क्षुल्लक, निरर्थक गोष्टी करतात, असे त्यात म्हटले आहे. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांवर दया करणे आणि दान देणे हेच खरे धम्ममंगल, असा त्याचा सांगावा आहे. अशोकाने दोष बायकांना दिला खरा. पण जयंतीच्या मिरवणुकीत आठ-आठ भोंग्यांच्या भिंती ट्रकवर चढवून घराघरातल्या काचा थरथरवणारे कोण, हे त्याने पाहिले असते तर लेखातली ती ओळ कदाचित बदलली असती.

इथे कोण बोलून गेले

सोपाऱ्याला बोलणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. सिंहलद्वीपाच्या महावंस ग्रंथात असे आहे की, तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी ठिकठिकाणी धम्मप्रचारक पाठवले. अपरान्ताकडे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीकडे, धम्मरक्खित नावाचे भिक्खू आले. ते योनक होते, म्हणजे यवन, ग्रीक वंशाचे. परक्या जातकुळीचा माणूस येऊन या किनाऱ्यावर लोकांना धम्म सांगतो आणि लोक त्याची जात विचारत नाहीत, त्याचे ऐकतात! या एका गोष्टीवर एक संपूर्ण व्याख्यान होईल.

पुण्ण स्थविरांची गोष्ट तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. अट्ठकथा त्यांना सुप्पारक बंदराचे व्यापारी म्हणते. दीक्षा घेतल्यावर ते आपल्याच मुलखात, सुनापरान्तात, धम्म सांगायला निघाले. भगवंतांनी त्यांना विचारले की, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाले, हाताने मारत नाहीत म्हणून चांगलेच म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळाने मारत नाहीत म्हणून चांगले. असे विचारत विचारत भगवंत जीव घेण्यापर्यंत आले आणि पुण्ण ढळले नाहीत. तेव्हा भगवंतांनी त्यांना जाण्यास संमती दिली. परक्यांत जाऊन बोलणे सोपे, आपल्या माणसांत बोलणे अवघड. वस्तीत हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध बोलून पाहिलेल्या आमच्या भगिनींना पुण्णांची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

तिसरी गोष्ट बाहियाची. जहाज फुटून तो सोपाऱ्याच्या किनाऱ्याला लागला. अंगावर झाडाच्या सालीचे वस्त्र. लोक त्याला मोठा साधू मानून पूजू लागले आणि त्यालाही ते खरे वाटू लागले. मग कुणी हितचिंतकाने सांगितले की, तू अजून काही मिळवलेले नाहीस. तो उठला आणि थेट श्रावस्तीला गेला. भगवंत भिक्षेला निघाले होते. त्याने तीनदा विनवल्यावर त्यांनी रस्त्यातच त्याला उपदेश केला. तो उपदेश इतका आटोपशीर आहे की, आमच्याकडच्या सूत्रसंचालकाला पाहुण्यांची ओळख करून द्यायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि ही नुसती ग्रंथांतली माणसे नव्हेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाल तेव्हा खांबांवरचे लेख पाहा. त्यांतला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेला आहे. तो स्वतःला 'भाणक' म्हणवतो. भाणक म्हणजे सुत्ते पाठ करून लोकांसमोर म्हणणारा, आजच्या भाषेत प्रवचनकार. छापखाना नव्हता, पुस्तक नव्हते. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे धम्म पोहोचला तो या भाणकांच्या घशातून. नाशिकच्या लेणीत उषवदाताचा लेख आहे. त्यात शूर्पारकाला प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. म्हणजे ऐकायला येणाऱ्यांची उतरायची सोयसुद्धा होती.

शेजाऱ्यांकडून काय घ्यावे

वसई-विरारची सार्वजनिक करमणूक म्हणजे फक्त आपलाच मांडव नाही. वसईच्या किल्ल्याभोवती तर पाचशे वर्षांचा इतिहास पसरला आहे. १५३४ साली पोर्तुगीज इथे आले, १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. या भागातल्या ख्रिस्ती बांधवांनी आपली सामवेदी बोली, आपले लुगडे, आपली लग्नातली गाणी टिकवली आणि मराठी साहित्यातही मोठी भर घातली. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून ते लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांच्या व्याख्यानांची गोष्ट ज्यांनी ऐकली ते सांगतात की, देवळातला विषय आणि विहिरीतल्या पाण्याचा विषय ते एकाच सुरात बोलत.

डिसेंबरच्या अखेरीला वसईत कला-क्रीडा महोत्सव भरतो, तेव्हा शाळाशाळांतली मुले नाच, गाणी, वक्तृत्व, चित्रकला यांत उतरतात. आमचे म्हणणे असे की, आपल्या वस्तीतल्या मुलांना अशा ठिकाणी नाव नोंदवायला आपण हाताला धरून न्यावे. वक्तृत्वाच्या व्यासपीठावर एकदा उभे राहिलेले मूल पुढे मुलाखतीच्या खोलीत घाबरत नाही. शेजाऱ्यांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे कुटुंबाने एकत्र जाणे. चर्चच्या कार्यक्रमाला नवरा-बायको, मुले, आजी-आजोबा सगळे सोबत जातात. आपल्याकडे मात्र बाबा मांडवात, आई चुलीपाशी आणि मुले ट्रकमागे नाचायला, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी दिसते.

आपल्या मांडवात

आपलीही परंपरा काही लहान नाही. सत्यशोधकांचे जलसे झाले, त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारख्यांनी ढोलकी-तुणतुण्यावर बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत नेली. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि गावोगाव गायली. शाहीर विठ्ठल उमप तर २०१० साली नागपूरला व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. या माणसांनी पैशासाठी गायले नाही. वाचता न येणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचे शिक्षण त्यांच्या गाण्यांतून झाले.

आणि भाषणाची किंमत काय असते ते बाबासाहेबांनीच दाखवून दिले. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, मग भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी शब्द मागे घेतला नाही. न केलेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ते भाषण आज जगभर वाचले जाते. एका सभेत ते ऐकायला मिळाले नाही, पण कितीतरी पिढ्यांनी ते ऐकले आहे.

असे असताना आज आपल्या व्याख्यानांची स्थिती काय? आम्ही या शहरातल्या अनेक मांडवांत बसलो आहोत, म्हणून आपलेपणाने सांगतो. पत्रकावर वेळ साडेसातची असते. लोक गाडीतून उतरून, जेवून येईपर्यंत नऊ वाजतात. मग दीपप्रज्वलन, वंदना, हारतुरे, मान्यवरांचा सत्कार, देणगीदारांची नावे. वक्ता उभा राहतो तेव्हा पावणेदहा झालेले असतात. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे, वर्षातले ठरलेले मोजके दिवस सोडले तर त्याला सूट नाही. मग वक्त्याने महिनाभर अभ्यास करून आणलेले व्याख्यान पंधरा मिनिटांत गुंडाळावे लागते आणि त्याचे लक्ष सारखे घड्याळाकडे, कारण परतीची गाडी गाठायची असते.

अशाच एका कार्यक्रमात आठवी-नववीतली एक मुलगी उठली. वक्त्यांनी नुकतेच सांगितले होते की, भगवान बुद्ध स्वतः सोपाऱ्याला आले होते. तिने विचारले, "सर, हे कशावरून?" संयोजकांपैकी एकाने तिला हाताने खाली बसण्याची खूण केली. वेळ संपली होती, आभारप्रदर्शन राहिले होते. ती बसली. पुढच्या व्याख्यानाला ती आलेली आम्हाला दिसली नाही.

त्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याला उत्तरही आहे. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात पूर्णाची कथा आहे. पूर्णाने सोपाऱ्याला चंदनाचा प्रासाद बांधवून घेतला आणि त्याच्या निमंत्रणावरून भगवंत आकाशमार्गे तिथे आले, असे त्या कथेत आहे. म्हणजे ही ग्रंथातली, श्रद्धेने सांगितलेली कथा आहे. भगवंत इथे आल्याचा शिलालेख मिळालेला नाही. शिलालेख मिळाला आहे तो अशोकाचा, स्तूप मिळाला आहे, मूर्ती मिळाल्या आहेत, भाणक सातिमिताचा खांब उभा आहे. एवढे सांगितले असते तर बुद्धांची थोरवी तसूभर कमी झाली नसती आणि त्या मुलीला हेही कळले असते की, कथा वेगळी आणि पुरावा वेगळा. 'कशावरून?' असे विचारणे हा बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला सर्वात मोठा हक्क आहे. तो हक्क आपल्याच मांडवात नाकारला जात असेल, तर अशोकाच्या दगडावरचे 'परिपुच्छा' कुणासाठी कोरले होते?

काही सूचना

आम्ही काही मोठे विद्वान नाही. पण वर्गणी आम्हीही देतो, म्हणून दोन शब्द बोलण्याचा अधिकार सांगतो.

व्याख्यान रविवारी संध्याकाळी पाचला ठेवावे. त्या दिवशी मंडळी घरी असतात, मुलांना सुट्टी असते आणि बाहेरून आलेल्या वक्त्याला परतीची गाडी मिळते. पत्रकावर छापलेल्या वेळेलाच सुरुवात करावी, दहाच माणसे असली तरी. दोन-तीन वेळा असे झाले की लोक आपोआप वेळेवर येऊ लागतात.

हारतुऱ्यांऐवजी एक पुस्तक द्यावे. सत्कार पाच मिनिटांत आटपावा. वक्त्याला चाळीस मिनिटे आणि त्यानंतर वीस मिनिटे फक्त प्रश्नांना. पहिला प्रश्न विचारण्याचा मान विद्यार्थ्यांचा आणि भगिनींचा. ज्याचे उत्तर वक्त्याला ठाऊक नसेल त्याने तसे सांगावे, पुढच्या वेळी शोधून आणावे. यात कमीपणा काही नाही.

त्या दिवशी जेवण ठेवायचे असेल तर ते पुरुष मंडळींनी रांधावे किंवा बाहेरून आणावे. ज्या बाईने दिवसभर पुऱ्या तळल्या तिला व्याख्यानातले एक वाक्यही ऐकू आले नाही, तर तो कार्यक्रम अर्ध्या समाजापुरताच झाला असे समजावे.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बहुतेक विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही आपली खरी व्याख्यानमाला. तीन महिने, रोज थोडे. तिला भोंगा लागत नाही, मांडव लागत नाही, मोठा पाहुणा लागत नाही. वाचणाऱ्या ताई धुणीभांडी करणाऱ्या असल्या तरी चालतात. आम्ही एका विहारात पाहिले आहे, सातवीपर्यंत शिकलेल्या एका आजींनी अडखळत अडखळत पानभर वाचले आणि नातवाने चुकलेला शब्द हळूच सांगितला. तेवढ्यात सगळ्या विहाराला तो शब्द पाठ झाला.

आणि डीजेचे काय? तरुणांना नाचायचे असते, ते आम्ही समजतो. आनंद झाला तर पाय थिरकणारच. बंदी घालून आणि रागे भरून हा प्रश्न सुटत नाही. पण जमा झालेल्या वर्गणीचा हिशेब सर्वांसमोर मांडावा, डीजेला किती आणि पुस्तकांना, शाहिरांना, मुलांच्या वह्यांना किती, हे फळ्यावर लिहावे. तरुणांनाच विचारावे की, हे आकडे पाहून तुम्हाला काय वाटते? आमचा अनुभव असा की, आकडे फळ्यावर आले की मुले आपोआप बोलू लागतात.

एका रविवारची धम्मयात्रा

वाचकांपैकी कुणाला सहकुटुंब जायचे असेल तर अशी वाट सांगतो. सकाळी नालासोपाऱ्याला उतरून स्तूपावर जावे. डबा आणि पाणी घरूनच न्यावे. विटांवर चढू नये, मुलांना चढू देऊ नये, मेणबत्त्या-अगरबत्त्या विटांवर लावू नयेत, कागद-पत्रावळी परत आणाव्यात. संरक्षित स्मारक म्हणजे सरकारचे नव्हे, आपले. वंदना झाल्यावर सावलीत बसून पुण्ण आणि बाहिया यांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात आणि मग मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना कंटाळू नये. दुपारी वसईला जाऊन किल्ला पाहता येतो.

दुसऱ्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जावे. तिथे अशोकाचा तो काळा दगड शोधावा. आम्ही पाहिले आहे, लोक घाईघाईने पुढे निघून जातात, कारण तो दिसायला साधा आहे, त्याला सोने-चांदी काही नाही. त्याच्यापुढे मुलांना उभे करावे आणि सांगावे की, हा दगड आपल्या नालासोपाऱ्याहून आला आहे आणि यावर लिहिले आहे की राजाने लोकांकडे जावे, लोकांशी बोलावे आणि लोकांना विचारू द्यावे.

येत्या वैशाख पौर्णिमेला ज्या वस्तीत व्याख्यान ठरेल तिथल्या संयोजकांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे पत्रकावरच छापावीत, एवढी आमची विनंती आहे. ज्या मुलीला खाली बसवले होते तिला निरोप पाठवावा आणि पहिल्या रांगेत जागा ठेवावी. जयभीम.